रॉबर्ट बूथबी, अमेरिकेचे कर्ज आणि आपले अडकलेले पौंड : डिसेंबर १९४५ ची चर्चा

नाणेघाट (धागाकर्ता)

१२ आणि १३ डिसेंबर १९४५ असे दोन दिवस ब्रिटनच्या कॉमन्स सभागृहात अमेरिकेशी नुकत्याच झालेल्या कर्जकरारावर चर्चा झाली आणि ३४५ विरुद्ध ९८ मतांनी तो करार मंजूर झाला. जपान शरण येऊन चार महिनेही झाले नव्हते. मजूर सरकारच्या वतीने अर्थमंत्री ह्यू डाल्टन बोलले, विरोधी पक्षनेते म्हणून चर्चिल बोलले. पण आज त्या कामकाजाचा वृत्तांत उघडून बसले की लक्ष वेधून घेते ते हुजूर पक्षाच्या मागल्या बाकावरून झालेले रॉबर्ट बूथबी यांचे भाषण. त्याआधी मे १९४४ मध्ये, म्हणजे नॉर्मंडीची चढाई व्हायची होती तेव्हा, आंतरराष्ट्रीय चलन-योजनेवर झालेल्या चर्चेतही ते याच सुरात बोलले होते. ही दोन भाषणे एकत्र वाचावीत, यासाठी हा धागा काढत आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो : बूथबी यांचे निदान अचूक होते, त्यांचा उपाय मात्र दुसऱ्यांच्या पैशावर उभा होता, आणि त्या दुसऱ्यांमधला सर्वांत मोठा सावकार हिंदुस्थान होता.

माणसाविषयी थोडे सांगतो, कारण त्यावाचून भाषणांचा रोख कळत नाही. बूथबी १९२४ साली, वयाच्या चोविसाव्या वर्षी, स्कॉटलंडमधील पूर्व ॲबर्डीनशायरमधून निवडून आले. पीटरहेड आणि फ्रेझरबर्ग ही हेरिंग मासळीची बंदरे याच भागात येतात. ही मासळी खारवून मोठ्या प्रमाणावर जर्मनीला आणि रशियाला जात असे. पौंड महाग झाला की ही गिऱ्हाइके तुटत, म्हणून चलनाचा भाव हा या मतदारसंघात चुलीपर्यंत पोहोचणारा प्रश्न होता. १९२६ ते १९२९ या काळात बूथबी अर्थमंत्री चर्चिल यांचे संसदीय खासगी सचिव होते, म्हणजे ज्यांनी १९२५ मध्ये पौंड जुन्या ४.८६ डॉलरच्या भावाने पुन्हा सोन्याला बांधला, त्यांच्याच कार्यालयात ते बसत होते. त्या निर्णयाचे परिणाम त्यांनी जवळून पाहिले आणि सुवर्ण परिमाणाविषयी त्यांच्या मनात बसलेली अढी पुढे कधीच सुटली नाही.

१९४० मध्ये ते अन्न खात्याचे उपमंत्री होते, पण झेकोस्लोव्हाकियाच्या गोठवलेल्या मालमत्तेच्या प्रकरणात आपला आर्थिक हितसंबंध उघड न केल्याचा ठपका चौकशी समितीने ठेवल्यावर त्यांना पद सोडावे लागले. त्यानंतर मंत्रिपद त्यांच्याकडे पुन्हा कधी आले नाही. गमावण्यासारखे काही उरले नव्हते, त्यामुळे पक्षाची शिस्त त्यांना फारशी बांधू शकत नव्हती, आणि डिसेंबर १९४५ मध्ये ते दिसलेच. चर्चिल यांनी आपल्या पक्षाला तटस्थ राहण्यास सांगितले होते, तरी सत्तरच्या आसपास हुजूर सदस्यांनी विरोधात मत दिले. मजूर पक्षातूनही वीसेक बंडखोर निघाले. त्यांत मायकेल फूट, बार्बरा कॅसल आणि पुढे पंतप्रधान झालेले जेम्स कॅलहॅन होते.

आता करार काय होता ते पाहू. ऑगस्ट १९४५ मध्ये अध्यक्ष ट्रूमन यांनी लेंड-लीजची, म्हणजे युद्धकाळात मित्रराष्ट्रांना रोख पैसे न घेता सामग्री पुरवण्याची, मदत एकाएकी थांबवली. ब्रिटनची निर्यात युद्धकाळात पूर्वीच्या एक-तृतीयांशावर आली होती, परदेशांतील गुंतवणुकी विकल्या गेल्या होत्या आणि बाहेरचे देणे जून १९४५ पर्यंत ३३५ कोटी पौंडांपर्यंत चढले होते. ब्रिटिश अर्थखात्याचे सल्लागार, अर्थतज्ज्ञ जॉन मेनार्ड केन्स यांनी मंत्रिमंडळाला सादर केलेल्या टिपणात या अवस्थेला ‘आर्थिक डंकर्क’ म्हटले. ते स्वतः सप्टेंबरमध्ये वॉशिंग्टनला गेले. त्यांना बिनव्याजी मदत मिळेल अशी आशा होती. ६ डिसेंबरला सही झाली ती ३७५ कोटी डॉलरच्या कर्जावर, २ टक्के व्याजाने, १९५१ च्या अखेरीपासून पन्नास वार्षिक हप्त्यांत फेडण्याच्या बोलीवर. लेंड-लीजचा हिशेब मिटवण्यासाठी आणखी ६५ कोटी डॉलर त्याच अटींवर मिळाले. याच्या जोडीला अटी होत्या : कर्ज अमलात आल्यापासून एका वर्षात चालू व्यवहारांतील पौंड डॉलरमध्ये बदलून देणे, आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँक स्थापणाऱ्या १९४४ च्या ब्रेटन वूड्सच्या करारांना मान्यता देणे, आणि १९३२ च्या ओटावा करारांपासून चालत आलेल्या साम्राज्यांतर्गत जकात-सवलती कमी करण्याच्या वाटाघाटींना बसणे.

बूथबी यांचा हल्ला रकमेपेक्षा या अटींवर होता. युद्धातून पिळून निघालेल्या देशाने एका वर्षात आपले चलन खुले केले, तर ज्यांच्याकडे पौंड साठले आहेत ते सगळे डॉलर मागायला रांग लावतील आणि कर्जाची रक्कम त्यातच वाहून जाईल, हा त्यांचा पहिला मुद्दा होता. अमेरिका धनको आहे पण धनकोसारखी वागत नाही, म्हणजे इतरांचा माल मोकळेपणाने घेत नाही, आणि अशा देशाशी भेदभावरहित व्यापाराचा करार केल्यास डॉलरची टंचाई कायमची होईल, हा दुसरा. तिसरा पर्यायाचा होता : स्टर्लिंग क्षेत्र (म्हणजे आपले चलन पौंडाला, अर्थात स्टर्लिंगला, बांधलेले देश) आणि पश्चिम युरोप यांचा गट बांधावा, आतला व्यापार आपापसांत ठेवावा आणि गरजेपुरतेच डॉलर विकत घ्यावेत. हिटलरपुढे नमते घेणाऱ्या म्युनिक कराराला १९३८ मध्ये विरोध करणाऱ्या मोजक्या हुजूर सदस्यांपैकी ते एक होते, त्यामुळे या कराराला त्यांनी आर्थिक म्युनिक म्हटले तेव्हा तो शब्द सभागृहाला झोंबला असणार. सगळ्यांत गाजले ते वाक्य मात्र सिगारेटचे : जनतेने या सरकारला बरेच अधिकार दिले असतील, पण सिगारेटच्या एका पाकिटासाठी ब्रिटिश साम्राज्य विकण्याचा अधिकार दिलेला नाही.

ते वाक्य इंग्रजी वाचकाला चुरचुरीत वाटते. मला ते वाचताना प्रश्न पडतो की विकल्या जाणाऱ्या साम्राज्यात ज्यांचे पैसे अडकले होते त्यांना या चर्चेत कोणी विचारले होते का. जाणकारांनी यावर लिहावे.

खतावणी

धागा आवडला, मात्र बूथबी यांच्या निदानाला तुम्ही दिलेले गुण मला जास्त वाटतात. परिवर्तनीयतेची, म्हणजे पौंड डॉलरमध्ये बदलून देणे सुरू करण्याची, मुदत अपुरी आहे हे ओळखायला १९४५ मध्ये फार मोठ्या द्रष्टेपणाची गरज नव्हती. ते केन्स यांना ठाऊक होते, ब्रिटिश अर्थखात्याला ठाऊक होते आणि वॉशिंग्टनमध्ये शेवटच्या दिवसांपर्यंत याच मुद्द्यावर ओढाताण चालली होती. खरा प्रश्न असा होता की अट मान्य केली नाही तर पुढच्या वर्षी गहू, कापूस आणि यंत्रसामग्री कशाने विकत घ्यायची. कर्ज मिळाल्यानंतरही ब्रिटनमध्ये जुलै १९४६ पासून दोन वर्षे पावावर शिधावाटप होते, जे प्रत्यक्ष युद्धकाळात कधी नव्हते. कर्जाशिवाय काय झाले असते याचा हिशेब बूथबी यांनी पुरता मांडला नाही, आणि मागल्या बाकावरच्या माणसाला तो मांडावाही लागत नाही.

दुसरे म्हणजे मे १९४४ च्या भाषणाबाबत. त्या वेळी ब्रिटन आणि अमेरिका यांच्या तज्ज्ञांचे चलन-योजनेवरील संयुक्त निवेदन सभागृहापुढे होते आणि बूथबी व त्यांच्या बाजूच्या मंडळींना त्यात सुवर्ण परिमाण मागच्या दाराने परत येताना दिसत होते. या आक्षेपाला केन्स यांनी २३ मे १९४४ रोजी लॉर्ड्सच्या सभागृहात दिलेले उत्तर वाचण्यासारखे आहे. सुवर्ण परिमाण म्हणजे काय हे सांगण्याचा मला काही अधिकार असेल, तर ही योजना त्याच्या नेमकी उलट आहे, असे ते म्हणाले. सुवर्ण परिमाणात देशातली मजुरी आणि भाव यांना बाहेरच्या सोन्याच्या भावामागे फरपटत जावे लागते. या योजनेत गरज पडल्यास विनिमयदर बदलता येणार होता आणि भांडवलाच्या ये-जा वर नियंत्रण ठेवता येणार होते. सोन्याला रानटी अवशेष म्हणणारा माणूस सोन्याची वकिली करत आहे असे मानणे हा अन्याय होता, आणि केन्स यांनी तो टोमणा त्याच भाषणात मारूनही घेतला.

डिसेंबर १९४५ मध्ये केन्स वॉशिंग्टनहून परतले ते थेट लॉर्ड्सच्या चर्चेत येऊन बसले. १८ तारखेचे त्यांचे भाषण हे बूथबी यांना, आणि लॉर्ड्समध्ये तेच म्हणणाऱ्या वृत्तपत्रमालक बीव्हरब्रूक यांना, दिलेले उत्तर आहे. कर्ज बिनव्याजी मिळाले नाही याची खंत जन्मभर राहील हे त्यांनी लपवले नाही. पण पर्यायी गटाच्या कल्पनेची त्यांनी एका वाक्यात वासलात लावली. तो गट कॅनडाला वगळून, ज्यांचे देणे आपण फेडू शकत नाही अशा देशांचाच होईल; त्यांनी त्यांच्याकडे नसलेला पैसा आपल्याला उसना द्यायचा आणि आपण पुरवू न शकणारा माल फक्त आपल्याकडून किंवा एकमेकांकडूनच घ्यायचा. लॉर्ड्सने करार ९० विरुद्ध ८ मतांनी मान्य केला. चार महिन्यांनी, २१ एप्रिल १९४६ रोजी, केन्स वारले.

नाणेघाट

खतावणी, केन्स यांचे ते वाक्य मी मुद्दाम राखून ठेवले होते, तुम्ही ते आणलेत हे उत्तम झाले. ज्यांचे देणे आपण फेडू शकत नाही असे देश, हे शब्द ऐकताना त्या सभागृहातल्या किती लॉर्डांच्या डोळ्यांपुढे दिल्ली आणि कैरो आले असतील कोण जाणे. माझा मुद्दा नेमका तिथेच आहे. केन्स आणि बूथबी यांच्यातला वाद देणे फेडण्याचा नव्हता, देणेकऱ्याने आपली सोय कशी पाहावी याचा होता.

मुदतीविषयी तुमचे म्हणणे मान्य आहे, तरी एक फरक राहतो. केन्स यांना धोका ठाऊक असूनही त्यांना कराराची वकिली करावी लागली. बूथबी यांच्यावर ते बंधन नव्हते, म्हणून सभागृहात तो धोका मोकळेपणाने मांडला गेला. सभासदांच्या हातात कागद पडून जेमतेम आठवडा झाला होता आणि ३१ डिसेंबरपूर्वी ब्रेटन वूड्सच्या करारावर सही झाली नाही तर संस्थापक सदस्यत्व हुकणार होते. एवढ्या घाईत कोणीतरी ते बोलणे आवश्यक होते.

पावकी-निमकी

अडकलेल्या पैशांचा हिशेब आधी मांडू या, म्हणजे बूथबी यांचा पर्याय नेमका कोणाच्या जिवावर होता हे स्पष्ट होईल.

नोव्हेंबर १९३९ मध्ये ब्रिटन आणि हिंदुस्थान सरकार यांच्यात संरक्षण-खर्चाची वाटणी ठरली. हिंदुस्थानच्या स्वतःच्या संरक्षणाचा नेहमीचा खर्च हिंदुस्थानने करायचा आणि साम्राज्याच्या युद्धासाठी होणारा जादा खर्च ब्रिटनने सोसायचा. प्रत्यक्षात कापड, ज्यूट, लाकूड, तंबू, धान्य आणि सैन्याचा पगार यांचे पैसे इथे रुपयांत चुकते केले जात आणि त्याच्या बदल्यात लंडनला रिझर्व्ह बँकेच्या नावे पौंडांची नोंद होई. त्या पौंडांच्या तारणावर बँक इथे नवीन नोटा काढी. चलनातील नोटा युद्धाच्या सहा वर्षांत सहा पटींहून अधिक झाल्या, आणि माल तर रणांगणावर गेलेला. भाववाढ त्यातून आली. तिचा सर्वांत भीषण आघात १९४३ मध्ये बंगालवर झाला. त्या दुष्काळाची कारणे अनेक होती, परंतु नोटांच्या पुरामुळे चढलेले भाव त्यांतले एक मोठे कारण होते. पुण्याच्या गोखले संस्थेत धनंजयराव गाडगीळ आणि सोवनी यांनी या युद्धकालीन अर्थनीतीची चिकित्सा त्याच वर्षी केली होती.

या मार्गाने हिंदुस्थानचे जुने स्टर्लिंग कर्ज बहुतेक सगळे फिटले आणि वर १९४६ पर्यंत सुमारे १७३३ कोटी रुपयांची, म्हणजे जवळजवळ १३० कोटी पौंडांची, शिल्लक लंडनला साठली. धागाकर्त्यांनी दिलेला ३३५ कोटींचा आकडा शेजारी ठेवा. ब्रिटनच्या बाहेरच्या देण्यातला एक-तृतीयांशाहून अधिक भाग एकट्या हिंदुस्थानचा होता. ही बचत लोकांनी स्वखुशीने केलेली नव्हती. अर्धपोटी राहिलेल्या लोकांकडून ती महागाईच्या रूपाने वसूल झाली होती.

चर्चिल मंत्रिमंडळाला ही रक्कम खुपत होती. हिंदुस्थानचे रक्षण आम्ही केले, तेव्हा उलट दावा लावून ती छाटावी, असा धोशा चर्चिल यांनी युद्धकाळात लावला होता, आणि भारतमंत्री ॲमरी यांनी, एरवी कट्टर साम्राज्यवादी असूनही, त्याला विरोध केला. डिसेंबर १९४५ च्या करारात हीच छाटणी सौम्य भाषेत आली. कराराच्या दहाव्या कलमानुसार स्टर्लिंग शिलकीचे तीन भाग करण्याचा ब्रिटनचा इरादा नोंदवला गेला : काही रक्कम लगेच मोकळी करायची, काही १९५१ पासून हप्त्यांनी द्यायची आणि उरलेली युद्धातील वाटा म्हणून सावकाराने सोडून द्यायची. दोन परक्या सरकारांनी तिसऱ्याच्या ठेवीची वाटणी आपसांत कागदावर मांडली, आणि तो तिसरा त्या टेबलावर नव्हता.

गलबत

लेख आणि प्रतिसाद वाचतो आहे. एक साधी शंका. बूथबी यांनी नेमकी सिगारेटच का निवडली? सभागृहात हशा पिकावा म्हणून, की त्यामागे काही हिशेब होता?

नाणेघाट

गलबत, हिशेब होता. ब्रिटनमध्ये ओढल्या जाणाऱ्या सिगारेटींचा तंबाखू मुख्यतः अमेरिकेतून येई आणि त्याचे पैसे डॉलरमध्ये द्यावे लागत. हॉलीवूडचे चित्रपट आणि तंबाखू ही डॉलर खाणारी दोन खाती टीकाकारांच्या तोंडी कायम असत. कर्जाने देशाची कारखानदारी उभी राहण्याऐवजी ते धुरात जाईल, असा तो टोला होता. तो अगदीच अनाठायी नव्हता, कारण डाल्टन यांना एप्रिल १९४७ च्या अंदाजपत्रकात तंबाखूवरील कर बराच चढवावा लागला आणि ऑगस्टमध्ये परदेशी चित्रपटांवर ७५ टक्के जकात बसवावी लागली.

जुना गिरणगाव

सुवर्ण परिमाणाचा विषय निघाला आहे म्हणून मुंबईची बाजू मांडतो, कारण बूथबी यांच्या मतदारसंघातील कोळी आणि मुंबईचे गिरणीमालक एकाच काळात एकाच दुखण्याने कण्हत होते.

१९२६ मध्ये हिंदुस्थानच्या चलनासाठी नेमलेल्या हिल्टन यंग आयोगाने रुपयाचा भाव १ शिलिंग ६ पेन्स ठेवावा अशी शिफारस केली. सर पुरुषोत्तमदास ठाकूरदास यांनी भिन्नमतपत्रिका जोडून १ शिलिंग ४ पेन्सचा आग्रह धरला. महाग रुपयामुळे परदेशी कापड स्वस्त होते, आपला माल बाहेर महाग पडतो आणि शेतकऱ्याच्या हाती रुपये कमी येतात, ही त्यांची बाजू होती. १९२७ च्या कायद्याने १८ पेन्सचा भाव कायम झाला. मुंबईत त्यावर सभा झाल्या, पत्रके निघाली, आणि पुढची अनेक वर्षे हा प्रश्न राजकारणात धगधगत राहिला. बूथबी चर्चिल यांच्या कार्यालयात बसून पौंडाच्या चढ्या भावावर चरफडत होते, त्याच सुमारास इथे रुपयाच्या चढ्या भावावर चरफड चालू होती. लंडनचे अर्थखाते दोन्हीकडे एकच औषध देत होते.

त्यामुळे बूथबी यांच्याविषयी मला धागाकर्त्यांपेक्षा थोडी अधिक आपुलकी वाटते. चलनाचा भाव सावकाराच्या प्रतिष्ठेसाठी ठरवायचा की काम करणाऱ्याच्या पोटासाठी, या प्रश्नावर ते पक्ष न पाहता बोलले. त्यांची अडचण अशी की हा न्याय त्यांनी पीटरहेडपुरता पाहिला. ज्या स्टर्लिंग क्षेत्राची ते ढाल करू पाहत होते, त्याच्या आत हिंदुस्थानला आपला भाव ठरवण्याचा हक्क कधीच मिळाला नव्हता.

खतावणी

जुना गिरणगाव यांचा प्रतिसाद उत्तम आहे, पण आपुलकीच्या भरात एक गोष्ट निसटू नये. युद्धकाळात स्टर्लिंग क्षेत्रातील देशांनी मिळवलेले डॉलर लंडनच्या सामायिक साठ्यात जमा होत. हिंदुस्थानने अमेरिकेला ज्यूट, चहा, अभ्रक विकून मिळवलेले डॉलरही तिथेच गेले आणि बदल्यात पौंडांची नोंद मिळाली. बूथबी यांचा पर्याय म्हणजे हाच साठा शांततेच्या काळातही चालू ठेवणे. उलट, ज्या करारावर ते तुटून पडले त्याच्या अटींत हा साठा मोडून क्षेत्रातील देशांना आपापले चालू उत्पन्न कुठेही खर्च करता यावे अशी तरतूद होती. अमेरिकेने ती स्वतःच्या निर्यातदारांसाठी घातली होती यात शंका नाही. तरीही मुंबईच्या व्यापाऱ्याला यंत्रे मँचेस्टरऐवजी अमेरिकेतून घ्यायची असती, तर त्याचा फायदा केन्स यांच्या करारात होता, बूथबी यांच्या भाषणात नव्हता. दहाव्या कलमाचा कडवटपणा मान्य करूनही मी हे म्हणतो.

पावकी-निमकी

खतावणी, कागदावर तुमचे बरोबर आहे. आता कागदाचे पुढे काय झाले ते सांगते, आणि त्याआधी एक पाऊल मागे जाऊन ब्रेटन वूड्सला जाऊ.

जुलै १९४४ मध्ये तिथे गेलेल्या हिंदुस्थानच्या शिष्टमंडळाचे नेते व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळातील अर्थसदस्य जेरेमी रेझमन होते. सोबत रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, महाडजवळच्या नाते गावात जन्मलेले चिंतामणराव देशमुख, षण्मुखम चेट्टी, थिओडोर ग्रेगरी आणि टाटांचे अर्थतज्ज्ञ ए. डी. श्रॉफ होते. युद्धकाळात साठलेल्या शिलकीचा निदान काही भाग नाणेनिधीच्या यंत्रणेतून डॉलरमध्ये बदलता यावा, असा या शिष्टमंडळाचा आग्रह होता. श्रॉफ यांनी परिषदेत विचारले की बँकेत दहा लाख डॉलर असूनही टॅक्सीचे भाडे द्यायला खिशात पैसे नसलेल्या माणसासारखी आमची अवस्था तुम्ही करणार आहात का. ते स्वतः त्याच वर्षी जानेवारीत प्रसिद्ध झालेल्या, उद्योगपतींनी आखलेल्या मुंबई योजनेच्या कर्त्यांपैकी होते, आणि त्या योजनेत पंधरा वर्षांच्या १०,००० कोटी रुपयांच्या भांडवलापैकी १००० कोटी या स्टर्लिंग शिलकीतून यायचे होते. दुरुस्ती फेटाळली गेली. निधीचा या जुन्या देण्यांशी संबंध नको, हा ब्रिटन आणि अमेरिका दोघांचाही निश्चय होता. केन्स यांनी मात्र हे देणे ब्रिटन सन्मानाने फेडील, असे जाहीरपणे सांगितले.

डिसेंबर १९४५ मध्ये हिंदुस्थान नाणेनिधीचा संस्थापक सदस्य झाला. कर्जाला अमेरिकी काँग्रेसची मंजुरी मिळून ते १५ जुलै १९४६ रोजी अमलात आले, म्हणून परिवर्तनीयतेचा दिवस १५ जुलै १९४७ ठरला. त्या दिवशी पौंड खुला झाला आणि २० ऑगस्टला, म्हणजे पाच आठवड्यांनी, पुन्हा बंद करावा लागला. कर्जाची बहुतांश रक्कम तोवर संपली होती. बूथबी यांचे भाकीत इतके शब्दशः खरे ठरले, की त्यांनाही ते बोचले असेल.

या पाच आठवड्यांच्या आतच १४ ऑगस्ट १९४७ रोजी भारताचा ब्रिटनशी शिलकीविषयी हंगामी करार झाला. वाटाघाटींत देशमुख होते. रिझर्व्ह बँकेची दोन खाती केली गेली : एकातून खर्च करता येई, दुसरे गोठवलेले. वर्षअखेरपर्यंत मोकळे झाले ते साडेसहा कोटी पौंड. शिल्लक होती सुमारे ११६ कोटी. स्वातंत्र्याच्या आदल्या दिवशीची ही आकडेवारी आपल्या शालेय पुस्तकांत कुठे दिसत नाही. म्हणजे खतावणी म्हणतात तो मोकळेपणा कराराने दिला होता हे खरे, पण वापरायला तो पाच आठवडेच मिळाला, आणि तोही जुन्या शिलकीला लागू नव्हता. २० ऑगस्टनंतर जे चित्र उभे राहिले ते बूथबी यांनी मागितलेल्या गटाच्या जवळचे होते : पौंड बांधलेला, डॉलर रेशनवर, आणि भारतासारख्या देशांची ठेव ब्रिटनच्या सोयीने सुटणारी. त्यासाठी बूथबी यांना मत जिंकावे लागले नाही.

खतावणी

हे मान्य. फक्त एवढे नोंदवतो की दहाव्या कलमातील तिसरा भाग, म्हणजे रक्कम सोडून देण्याचा, भारताच्या बाबतीत प्रत्यक्षात आला नाही. ब्रिटनला भारताचा बाजार हवा होता, भारताला राष्ट्रकुलात ठेवायचे होते, आणि दिल्लीत आता असे सरकार होते की ज्याला नाही म्हणता येत होते. छाटणी झाली ती दुसऱ्या वाटेने. १९४८ च्या करारात ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या पेन्शनींसाठी आणि इथे सोडून गेलेल्या लष्करी सामानासाठी मोठी रक्कम शिलकीतून वळती झाली. त्यानंतर १८ सप्टेंबर १९४९ रोजी पौंड ४.०३ डॉलरवरून २.८० वर आला. रुपयाही त्याच्याबरोबर खाली आणल्यामुळे रुपयांतली शिल्लक तेवढीच दिसली, पण अमेरिकेतून यंत्र किंवा गहू आणायला गेले तर तिची किंमत तीस टक्क्यांनी घटलेली होती.

गलबत

बूथबी यांनी पुढे कधी या बाजूने विचार केला का? की १९४७ मध्ये आपलेच खरे ठरले यावर समाधान मानले?

नाणेघाट

त्यांनी आपल्या पर्यायाचा युरोपचा अर्धा भाग उचलून धरला. १९४९ मध्ये युरोप परिषदेची सल्लागार सभा स्ट्रासबर्गला भरू लागली तेव्हा ते तिथे ब्रिटिश प्रतिनिधी होते आणि १९५७ पर्यंत राहिले. पश्चिम युरोपच्या एकीची बाजू ते तिथे मांडत राहिले. १९५८ मध्ये तहहयात उमराव होऊन ते लॉर्ड्समध्ये गेले. स्टर्लिंग क्षेत्राचा अर्धा भाग मात्र हळूहळू त्यांच्या भाषणांतून नव्हे, जगातूनच विरून गेला.

मूळ लेखातले माझे विधान आता थोडे बदलून मांडतो. बूथबी यांचा उपाय दुसऱ्यांच्या पैशावर उभा होता हे खरे, पण ते ज्या करारावर तुटून पडले तो करारही त्याच पैशाला हात घालत होता, आणि तो पैसा वाचला तो दोन्ही बाजूंच्या कोणत्याही भाषणाने नव्हे. पावकी-निमकी, शिल्लक अखेर केव्हा संपली हेही लिहाल का? ९८ जणांच्या पराभवापेक्षा तो हिशेब इथल्या वाचकांना जवळचा आहे.

पावकी-निमकी

लिहिते. पहिल्या पंचवार्षिक योजनेच्या काळात शिल्लक बऱ्यापैकी शाबूत होती. देशमुख १९५० ते १९५६ अर्थमंत्री होते आणि खर्चाचा हात त्यांनी आखडता ठेवला. जुलै १९५६ मध्ये मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी राजीनामा दिला. त्याच वर्षी दुसरी योजना सुरू झाली. पोलादाचे कारखाने आणि अवजड यंत्रे यांची मागणी एकदम आली, शिवाय धान्यही आणावे लागले, आणि युद्धात साठलेले ते पौंड दोन वर्षांत जवळजवळ संपले. ऑगस्ट १९५८ मध्ये भारताला मदत देणाऱ्या देशांची पहिली बैठक जागतिक बँकेने वॉशिंग्टनला बोलावली, तेव्हा देणाऱ्यांच्या बाजूला ब्रिटन बसले होते आणि मागणाऱ्यांच्या बाजूला आपण. अमेरिकेच्या त्या कर्जाचा शेवटचा हप्ता ब्रिटनने डिसेंबर २००६ मध्ये भरला.